स्नेहलचा डावा हात

या भुताखेतांच्या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते. तेही दुपारी, जेवणं आटपली की, आणि खरं सांगायचं तर निम्मे किस्से वाचून हसायलाच. हडळ, चकवा, आपोआप हलणारा झोपाळा… माझा यातल्या कशावर कधी विश्वास बसला नाही. आमच्या दाराला लिंबू-मिरची लागत नाही. अमावस्येला मी बिनधास्त ऑर्डर घेते. सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या की मी म्हणते, "आई, त्या आमटीच्या फोडणीत टाका, कामी येतील." त्यामुळे आज हे टाईप करायला बसले तर नवरा म्हणाला, "तू? तू लिहिणार तिथे?"

हो, मीच. कारण दुसरीकडे कुठे सांगायचं ते कळत नाही. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना विचारून लिहितेय, फक्त नावं बदलली आहेत.

मी वैशाली. नायगावला राहते, दादरपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. बरीच वर्षं मेंदी काढते. पार्लरमध्ये बसून नाही, घरोघरी जाऊन. गिरगाव, लालबाग, परळ, वरळी… लग्नसराईत दिवसाला दोन नवऱ्यासुद्धा करते. लोकांना वाटतं मेंदी म्हणजे कला. कला आहेच, पण आधी ते कंबर आणि मान मोडणारं काम आहे. समोरच्या बाईचा हात डाव्या हाताने खालून धरायचा, उजव्या हातात कोन, आणि तासन्‌तास श्वाससुद्धा जपून घ्यायचा. इतके हात धरलेत मी, की डोळे मिटून सांगेन हा हात भांडी घासणारा की की-बोर्डवर चालणारा. हे पुढच्यासाठी सांगून ठेवतेय, बढाई म्हणून नाही.

तर गेल्या वर्षीचा मे. एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, बोली मालवणी, मुलीला चेडू म्हणणारी.

"मेंदी काढतंस ती तूच मा? आमचा चेडू लग्नाचा असा. पण आधीच सांगान ठेवतंय, तेका एकच हात असा. घराक येऊन मागे तोंड वाकडां करू नको."

मी म्हटलं, "आत्या, मी कशाला तोंड वाकडं करू?" आत्या हा शब्द तोंडातून उगाच गेला, पण निघाली ती आत्याच. नवरीची आत्या.

लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या मागे त्यांची चाळ. मे महिन्यात तिथे मिरच्या कांडायच्या मशिनी दिवसभर धडधडत असतात आणि अख्खी गल्ली शिंकत असते. मी पदर नाकाला लावून दोन जिने चढले. दोन खोल्या, पुढे कठडा. घरात तिघंच. स्नेहल, म्हणजे नवरी, सत्तावीस-अठ्ठावीसची, लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये. तिचे बाबा, गिरगावातल्या छापखान्यातून रिटायर झालेले. आणि या आत्या. वहिनी गेल्यावर भावाच्या मुलीला सांभाळायला कणकवलीकडून आल्या त्या परत गेल्याच नाहीत.

स्नेहल लहान असताना, तिसरी-चौथीत, गावचे गणपती करून परत येताना महामार्गावर त्यांची गाडी उलटली होती. आई गेली. बाबांना थोडं लागलं. स्नेहलचा डावा हात कोपराच्या जरा खाली तुटला. हे सगळं तिने मला पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं, रेशन कार्डावरचा पत्ता सांगावा तसं. म्हणाली, "तुम्ही विचारायला लाजाल, म्हणून मीच सांगते."

मला पोरगी आवडली.

तेवढ्यात आत्यांनी कपाटावरून एक लांब खोका काढला. आत सिलिकॉनचा हात. कातडीच्या रंगाचा, नखंबिखं असलेला. जवळून पाहिला तरी पटकन कळू नये असा.

"ह्येच्यार काढ," आत्या म्हणाल्या. "फोटोत दोन्ही हात दिसाक व्हये. चुडोय भरूया."

"आत्या, तो ठेव तिकडे," स्नेहल म्हणाली.

"अगो, लोका काय म्हणतली?"

"लोकांना एकच हात दिसेल. अमेयने बघितलाय तो. लग्न त्याच्याशी आहे." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाली, "तो घातला ना ताई, की आतली मूठ चेंगरते."

मला कळलं नाही. "कुठली मूठ?"

"माझी. डाव्या हाताची. ती आहे अजून." माझा चेहरा बघून ती हसली. "घाबरू नका. डॉक्टर म्हणतात असं होतं. हात जातो, पण मेंदूला ते कळत नाही. इंग्रजीत फँटम म्हणतात. नाव भुताचं आहे, पण भूतबीत काही नाही."

मी हे पुढे मोबाईलवर वाचलं, खरंच असतं तसं. हात-पाय गेलेल्या पुष्कळ लोकांना ते जाणवत राहतात, खाजतात, दुखतात. स्नेहलचं असं की तिची मूठ वळलेलीच असायची. अपघातापासून. इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतल्यासारखी दुखायची. ती उघडायला तिने काय काय केलं होतं. गोळ्या, शेक, आरशात उजव्या हाताचा डावा दिसतो म्हणून आरशासमोर बसून त्याचे व्यायाम. "डोळे फसतात हो," म्हणाली, "मूठ फसत नाही."

आत्या खोका घेऊन पुटपुटत आत गेल्या. बाबा बाहेर कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. पेपर उघडा होता, पण पान काही उलटत नव्हतं.

मी कामाला लागले. मांडीवर उशी, उशीवर जुना पांढरा टॉवेल. तिला नवरा-नवरीचे चेहरे नको होते, मोर नको, पालखी नको. "वेल काढा. नुसती वेल, पण भरून." उजवा हात छान झाला. पायही झाले. मधे आत्यांनी तिला पोहे भरवले. मग मी डावा हात घेतला. कोपराच्या वरून सुरुवात करून वेल खाली आणली, जिथे हात संपतो तिथे बारीक कळ्यांची किनार देऊन बंद केली. मला वाटलं, नाजूक झालं. मान मोडत मी कोन खाली ठेवला.

"झालं बघ."

"नाही झालं," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"पुढचा हात."

ती मस्करी करतेय असं वाटून मी हसले. ती हसली नाही. तिने तो अर्धा हात उशीवर नीट ठेवला, जसा पूर्ण हात पसरावा तसा, आणि म्हणाली, "ताई, वेडेपणा आहे, मला माहितीये. पण प्रत्येक नवरीचे दोन हात रंगतात. तुम्ही नुसता कोन फिरवा. मेंदी सोडू नका. मला तेवढंच बरं वाटेल."

आता काय बोलणार? लग्नाच्या घरी नवरीचं मन मोडवत नाही. मी कोन उचलला आणि उशीच्या वर, हवेत, जिथे मनगट असेल असं वाटलं तिथून वेल पुढे न्यायला लागले. नाटकातल्यासारखं वाटत होतं. तिने डोळे मिटले होते.

"लागत नाहीये ताई. तुम्ही वर चालवताय."

मी कोन थोडा खाली आणला.

"हां. आता लागतंय."

मी मुद्दाम जरा डावीकडे सरकले, तिला न सांगता. ती डोळे मिटूनच म्हणाली, "मनगटावरून घसरलात." पुन्हा आत आले. "हं, आता बरोबर." मी पुन्हा मुद्दाम वर उचलला. "सुटला." तरी म्हटलं, सराव असतो माणसाला, वाऱ्यावरून, माझ्या श्वासावरून कळत असेल.

मग कोनाला काहीतरी लागलं.

हे कसं लिहू… कोनाचं टोक कातडीवर टेकलं की जो बारीकसा अडथळा येतो, तो मला झोपेतही ओळखता येईल. कागदावर वेगळा येतो, काचेवर वेगळा. हा कातडीचा होता. मऊ, किंचित आत दबणारा. मी थांबले. पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. माझ्या अंगठ्याने सवयीने कोन दाबला आणि मेंदी बाहेर आली. टोकातून निघताना दिसली मला. पण टोकाच्या पुढे ती दिसत नव्हती. खाली पांढरा टॉवेल होता. त्यावर एक ठिपका नाही.

मी उठून का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. मलाही नवऱ्याने तेच विचारलं. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त असं वाटत होतं की आता अर्धवट सोडलं तर काहीतरी फार वाईट होईल. नवरीचा हात अर्धा ठेवून उठत नाही कुणी. मी काढत राहिले. मनगट, मग हाताची पाठ. बोटांशी आले तेव्हा ती वळलेली होती. मी तुम्हाला शपथेवर सांगते, ती वळलेली होती. कोन एकेका पेरावरून उतरत, चढत जात होता.

"मूठ आहे," मी म्हटलं.

"हो," स्नेहल म्हणाली. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हटलं ना."

हात स्थिर राहावा म्हणून मी सवयीने माझा डावा हात खाली नेला, नेहमी नेते तसा, तिच्या तळव्याखाली.

तिथे आधीच कुणाची तरी बोटं होती.

बाईची बोटं. घरकामाने राठ झालेली, पेरं जाड. ती खालून वर आली होती आणि स्नेहलच्या मुठीभोवती मिटलेली होती. माझी बोटं त्यांच्या पाठीला लागली. मी चटका बसल्यासारखा हात मागे ओढला.

"तुम्ही नका धरू ताई," स्नेहल म्हणाली, अगदी शांतपणे. "धरलाय."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वर पाहिलं तर बाबा दारात उभे. त्यांनी ऐकलं होतं, आणि मी हात मागे घेताना पाहिलंही होतं. चेहरा राखेसारखा. ते माझ्याकडे नाही, उशीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग वळले आणि जिना उतरून गेले. चपला दारातच राहिल्या. मेच्या उन्हात, अनवाणी.

त्याच वेळी स्नेहलने मोठा श्वास घेतला. "ताई… उघडतेय."

"काय?"

"मूठ. उघडतेय ती. एकेक बोट…" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. लहान मुलीसारखी, तोंड वाकडं करून. "तळव्यावर काढा ना. लवकर काढा."

मी तळवा भरला. तो उताणा, सपाट, उघडा होता. काय काढलं ते मला आठवत नाही. वेलच काढली असणार, हाताला येते ती. कोन संपला तेव्हाच थांबले.

आत्या चहा घेऊन आल्या त्या आमच्याकडे बघून थबकल्या. नवरी रडतेय, मी घामाने चिंब. त्यांनी आधी टॉवेल पाहिला, मग माझ्या हातातला चपटा झालेला कोन.

"सगळी मेंदी खंय गेली?"

मी रिकामा कोन पुढे केला. त्यांनी टॉवेल उचलून उलटासुलटा केला, उशी पाहिली, खाली वाकून लादी पाहिली. मग चहाचा कप तसाच ठेवून देवासमोर जाऊन बसल्या.

फोटो आहे का, असं कुणीतरी विचारेलच. उजव्या हाताचा आहे, पायांचा आहे, माझ्या पेजवर टाकलेलाही आहे. रिकाम्या जागेचा फोटो कोण काढतं?

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, कोन टोकाशी तुंबला असेल, मेंदी मागून गळून तुझ्याच पदराला पुसली गेली असेल. मी पदर दाखवला. कोरा. मग तो म्हणाला, उन्हातून गेलीस, डोकं तापलं असेल. मी म्हटलं, हो, असेल. मला खरंच तसं असायला हवं होतं.

लग्न दादरला एका हॉलमध्ये होतं. मी एरवी कुठल्या नवरीच्या लग्नाला जात नाही, जाणार तरी किती ठिकाणी, पण तिथे गेले. हातात आहेराचं पाकीट. स्टेजवर चढले तर पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर दोन हात. उजवा गडद रंगलेला, आणि डाव्या बाजूला तो सिलिकॉनचा हात, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. आत्या खाली पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तोंडावर समाधान असायला हवं होतं, पण नव्हतं.

स्नेहलने मला जवळ ओढलं. फोटोवाला "ताई, इकडे बघा" म्हणत होता, ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती आणि हसतानाच मला सांगत होती.

"गेला ताई."

"काय गेला?"

"हात. त्या दिवशी झोपले, सकाळी उठले तर नाहीच. आता आत काही नाही, मग हा घातला काय न घातला काय."

"दुखत नाही?"

"काहीच नाही. कोपराच्या खाली संपते मी."

मी म्हटलं, "मग बरंच झालं की गं."

"हो. सगळे बरंच म्हणतात." ती अजून कॅमेऱ्याकडेच बघत होती. "दुखायचा तेव्हा होता तरी, ताई."

पुढची माणसं आली, मी खाली उतरले. जेवले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी आमच्या दाराशी स्नेहलचे बाबा. पत्ता आत्यांकडून घेतला असणार. मी पाणी दिलं, ते हातातच धरून बसले.

"तुमचा हात खाली लागला," ते म्हणाले. "तुम्ही मागे घेतलात. मी पाहिलं."

मी मान हलवली.

"कुणाचा होता?"

"मला कसं माहीत असणार, काका?"

"बाईचा?"

"हो."

"गार होता का?"

काय उत्तर दिलं तर या माणसाला कमी त्रास होईल, याचा मी विचार करत होते. शेवटी जे होतं ते सांगितलं. "नाही. ऊन होता. घरातल्या माणसाचा असतो तसा."

त्यांनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बहिणीला नाही, मुलीला तर नाहीच.

अपघातानंतर सगळ्यांना तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं होतं. स्नेहल आत, ऑपरेशन चाललेलं. बायको बाहेर, चादरीखाली. गाव अनोळखी, ओळखीचं कुणी पोचलेलं नाही. लोक म्हणत होते, फार वेळ ठेवू नका, उरकून घ्या. तेवढ्यात कुणीतरी एक कापडात गुंडाळलेलं गाठोडं आणून त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, ह्याचं काय करायचं? तो स्नेहलचा हात होता, मूठ वळलेली.

"मला काही सुचेना," ते म्हणाले. "मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो होतो. तिकडे स्नेहलच्या आईची तयारी करत होते. कुंकू लावलं कुणीतरी, हळद लावली. बांगड्या फुटल्या होत्या सगळ्या. गणपतीत भरलेल्या, हिरव्या. मी दुकानं शोधत फिरलो. सगळी बंद. सवाष्ण बाई, आणि ओक्याबोक्या हातांनी जाणार. ते मोकळे हात बघवेनात मला. म्हणून मग…"

त्यांनी मांडीवर दोन्ही तळवे उघडले.

"म्हणून मग तो हात तिच्या हातात दिला. मुठीभोवती तिची बोटं मीच मिटवली. म्हटलं, पोरीची आई आहे, धरून ठेवेल. आणि अग्नी दिला."

आमच्या खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ते दचकले.

"पोर रात्र-रात्र रडायची, मूठ दुखते म्हणून," ते म्हणाले. "मी तिचे पाय चेपत बसायचो. मला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं मला, ताई. कुणाला काय सांगणार?"

जायला उठले तेव्हा दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी… बांगड्या वाजल्याचा आवाज आला का तुम्हाला?"

मी खूप आठवून पाहिलं. मिरची-मशिनींची धडधड होती, पंख्याचा आवाज होता, स्नेहलचं रडणं होतं.

"नाही, काका."

"नसणारच," ते म्हणाले, आणि गेले.

दिवाळीनंतर त्यांनी हे सगळं स्नेहलला सांगितलं. मीच एकदा फोनवर म्हटलं होतं त्यांना, की तिचा हक्क आहे तो. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. महिनाभर ती माहेरी आली नाही. मग एका रविवारी तिचाच फोन.

"ताई, परत काढाल?"

"काय?"

"तुम्हाला कळलंय काय ते."

मी गेले. तीच खोली, आत्या, बाबा. मी त्याच पद्धतीने मेंदी भिजवली होती, त्याच दुकानातली, तेच निलगिरीचं तेल घातलं होतं. उगाच वाटत होतं की काही बदलायला नको. स्नेहलने अर्धा हात उशीवर ठेवला आणि डोळे मिटले. या वेळी बाबा बाहेर बसले नाहीत, तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

मी कोन हवेत धरला. मनगटाच्या जागी नेला.

"लागत नाही," ती म्हणाली.

खाली घेतला. वर घेतला. डावीकडे, उजवीकडे. "नाही… नाही… थोडं खाली बघा ना… नाही." कोनाला काही अडत नव्हतं. शेवटी मी अंगठा दाबला, काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. मेंदी निघाली आणि टॉवेलवर पडली. पुन्हा दाबला. पुन्हा पडली. मी थांबले तर ती म्हणाली, "थांबू नका," म्हणून मी थांबले नाही. मनगट, पाठ, बोटं, सगळं मी क्रमाने काढलं, आणि सगळं खाली पडत गेलं. पांढऱ्या टॉवेलवर नुसता हिरवा चिखल साचत होता. त्याला कसलाच आकार नव्हता. मी माझा डावा हातही खाली नेला. मनातल्या मनात म्हणाले, लागू दे. त्या दिवशी ज्याला घाबरून हात ओढला, त्याला मी बोलावत होते. काही लागलं नाही.

कोन संपल्यावर स्नेहलने डोळे उघडले आणि टॉवेलकडे पाहिलं. रडली नाही. बाबांकडे वळून म्हणाली, "सोडला बाबा तिने."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग आत्यांनी टॉवेलाच्या चारही कडा आत घेतल्या आणि तो मोरीत नेऊन धुवायला घातला. तिथून त्यांच्या घासण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मेंदीचा डाग कुठला निघतोय.

आता प्रतिक्रियांमध्ये कोण काय म्हणेल ते मला माहीत आहे. भास, ताण, मनाचे खेळ. मीही तेच म्हटलं असतं, तुमच्या जागी असते तर. दुसऱ्या वेळी मेंदी का पडली हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही, हवेत दाबलेली मेंदी पडणारच. पहिल्या वेळी ती का पडली नाही, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. आणि लालबागच्या त्या घरातली एक मुलगी आहे, तिचा हात आता दुखत नाही, आणि तिच्यासमोर जाऊन "बरं झालं" म्हणायची माझी हिंमत होत नाही.